इमेज मारल्यावर सर्व्हरला हात लावायचा नाही: आपोआप कॉन्फिगर होणारी यंत्रणा कशी उभारायची

एकाच इमेजवरून (तयार सिस्टिम असलेल्या डिस्कच्या नकलेवरून) तीन सर्व्हर उभे केले होते. तिन्ही व्यवस्थित बूट झाले आणि तिघांनाही डीएचसीपीकडून (नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) एकच आयपी मिळाला. एसएसएच (दुरून लॉगिन) केलं की कधी हा उत्तर द्यायचा, कधी तो. केबल बदलून पाहिली, स्विचचं पोर्ट बदललं, डीएचसीपी सर्व्हरला शिव्या घालून झाल्या. त्या बिचाऱ्यांची काहीच चूक नव्हती. इमेज बनवताना ईटीसी फोल्डरमधली मशीन-आयडी नावाची फाइल मी तशीच राहू दिली होती. सिस्टिमडीचा (लिनक्समध्ये बूटपासून सगळ्या सेवा चालवणाऱ्या प्रोग्रामचा) नेटवर्क भाग डीएचसीपीला ओळख सांगताना या फाइलवरून काढलेला क्रमांक पुढे करतो. हार्डवेअर आणि इंटरफेसचं नावही सारखंच असलं, की डीएचसीपीच्या लेखी तिन्ही मशीन म्हणजे एकच मशीन.

तेव्हापासून इमेजकडे बघण्याची माझी नजर बदलली. इमेज तयार झाली त्या दिवसापासून शिळी व्हायला लागते. तिच्यात जितकं कोंबाल तितकं पुढे निस्तरावं लागतं. म्हणून इमेजमध्ये कमीत कमी ठेवायचं आणि उरलेलं सगळं मशीनने बूट झाल्यावर स्वतः आणायचं.

दुसरी एक गोष्ट मी आता हट्टाने पाळतो: पहिल्या बूटला चालणारी स्क्रिप्ट आणि पुढे दर अर्ध्या तासाने चालणारी स्क्रिप्ट एकच असली पाहिजे. पहिल्या बूटसाठी वेगळी स्क्रिप्ट लिहिली की ती वर्षातून चारदा चालते, बाकी वेळ कुणी तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही, आणि ज्या रात्री डिस्क मेल्यामुळे घाईने नवीन मशीन उभं करायचं असतं नेमकी त्याच रात्री ती दगा देते. रोज अठ्ठेचाळीस वेळा चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये काही बिघडलं तर अर्ध्या तासात कळतं.

खालचं सगळं सिस्टिमडी असलेल्या लिनक्ससाठी आहे, म्हणजे डेबियन, उबंटू आणि रेड हॅटचं घराणं. विंडोजबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे. कमांड आणि फाइलींची नावं उच्चारानुसार लिहिली आहेत. टाइप करताना नेहमीचं स्पेलिंग वापरा.

## पायरी १: इमेज घेण्याआधी ओळख पुसा

मशीन-आयडी ही १२८ बिटांची, म्हणजे ३२ हेक्स अक्षरांची ओळख. ती घालवायचे तीन मार्ग आहेत: फाइल उडवणे, फाइल रिकामी करणे, किंवा तिच्यात 'अनइनिशियलाइज्ड' हा एक शब्द लिहिणे. तिन्ही मार्गांनी पुढच्या बूटला नवी आयडी मिळते, त्यामुळे ते सारखेच वाटतात. फरक असा, की फाइल असून रिकामी असेल तर सिस्टिमडी त्या बूटला 'पहिलं बूट' मानत नाही. 'कंडिशन-फर्स्ट-बूट' ही अट घातलेली युनिटं (सिस्टिमडीने चालवायची कामं) मग गुपचूप वगळली जातात, लॉगमध्ये आरडाओरडा नाही, काही नाही. मी तो शब्द लिहिण्याचा मार्ग घेतो. क्लाउड-इनिट (पहिल्या बूटला मशीन लावून देणारा प्रोग्राम) वापरत असाल तर त्याच्या 'क्लीन' कमांडला मशीन-आयडीचा पर्याय दिला की ती हेच करते. व्हार-लिबमधल्या डी-बसच्या फोल्डरातही याच नावाची फाइल असते. ती बहुधा मुख्य फाइलकडे बोट दाखवणारी सिमलिंक असते. खरी फाइल निघाली तर तीही काढा.

दुसरं, एसएसएचच्या होस्ट की, म्हणजे सर्व्हरने आपली ओळख पटवायच्या किल्ल्या. त्या इमेजमध्ये राहिल्या तर सगळ्या सर्व्हरांची खासगी की एकच होते आणि एका मशीनमधून ती चोरणारा बाकी कुणाचंही सोंग घेऊ शकतो. त्या उडवायच्या, पण इथे घराण्याघराण्यात फरक आहे. रेड हॅटकडे एसएसएचडी (एसएसएचचा सर्व्हर) सुरू होण्याआधी कीजेनची वेगळी सेवा चालते आणि नसलेल्या की बनवते. डेबियनमध्ये की पॅकेज बसवताना बनतात. नंतर उडवल्या तर आपणहून परत येत नाहीत, एसएसएचडी सुरूच होत नाही आणि तुम्ही दाराबाहेर. उपाय सोपा आहे. एसएसएच-कीजेनला कॅपिटल ए पर्याय देऊन चालवलं की फक्त नसलेल्या की तयार होतात. हे एवढं काम मी वेगळ्या चिमुकल्या युनिटमध्ये ठेवतो आणि ते एसएसएचच्या आधी चालवतो. मुख्य स्क्रिप्ट (पुढे येणारा लोडर) नेटवर्कची वाट बघत बसते. एसएसएच तिच्यामागे ताटकळायला नको.

बाकीचं भराभर: सिस्टिमडीची रँडम-सीड फाइल, डीएचसीपीच्या जुन्या लीज, रूटची शेल हिस्टरी, लॉग, नेटप्लॅनच्या (उबंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या) फाइलीत चुकून राहिलेला मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा क्रमांक), आणि पॅकेजांचा कॅशे. हे सगळं एका 'इमेज-पुसा' स्क्रिप्टमध्ये घाला. हाताने केलेली यादी तिसऱ्या इमेजला विसरली जाते.

## पायरी २: मशीनला तू कोण हे कळू दे

नव्या मशीनला आपलं नाव माहीत नसतं. पण त्याच्या मदरबोर्डवर एक सिरियल नंबर असतो आणि तो डीएमआय-डीकोड कमांडने रूट म्हणून वाचता येतो. कॉन्फिगरेशनच्या रेपोत (गिटने आवृत्त्या सांभाळलेल्या फोल्डरात) एक साधी फाइल ठेवा: डावीकडे सिरियल, मग होस्टनेम, मग भूमिका. वेब, डेटाबेस, बॅकअप, जे असेल ते.

आता गंमत. काही बोर्डांवर बनवणाऱ्याने सिरियल भरलेलाच नसतो. तिथे 'टू बी फिल्ड बाय ओईएम' किंवा 'डीफॉल्ट स्ट्रिंग' असं छापून येतं. अशी दोन मशीन आली आणि स्क्रिप्टने आंधळेपणाने सिरियल घेतला, तर दोघांना एकच होस्टनेम मिळणार. म्हणून स्क्रिप्टमध्ये अशा भरताड मजकुरांची यादी ठेवा. त्यातलं काही सापडलं किंवा उत्तर रिकामं आलं, तर बोर्डावरच्या पहिल्या नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता घ्या. व्हर्च्युअल मशीनसाठी डीएमआयमधली सिस्टिम यूयूआयडी चालते.

आणि सिरियल यादीत नसेल तर? अंदाज लावायचा नाही. अशा मशीनला 'अनोळखी' ही भूमिका द्यायची: वेळ, एसएसएच, मॉनिटरिंग, बस. पूर्वी मी अशा वेळी वेब सर्व्हरची भूमिका द्यायचो, कारण बहुतेक मशीनं तीच असायची. एकदा चाचणीसाठी टेबलावर ठेवलेलं मशीन लोड बॅलन्सरमध्ये (सर्व्हरांना काम वाटणाऱ्या यंत्रणेत) जाऊन बसलं, तेव्हा ती सवय सुटली.

## पायरी ३: इमेजमध्ये फक्त लोडर

मध्यवर्ती मशीनवरून कॉन्फिगरेशन ढकलायचं, की प्रत्येक मशीनने स्वतः येऊन ओढून न्यायचं? नुकत्याच इमेज मारलेल्या मशीनसाठी दुसरा मार्ग बरा, कारण ते जागं झालं आहे हे सगळ्यांत आधी त्यालाच कळतं. १९९३मध्ये आलेल्या सीएफइंजिन या कॉन्फिगरेशनच्या प्रोग्रामपासून ही पद्धत चालत आली आहे. २००५चा पपेटही तसाच. त्याचा एजंट काही न सांगता दर ३० मिनिटांनी सर्व्हरला विचारतो. अ‍ॅन्सिबल हा असाच प्रोग्राम, ढकलण्याच्या पद्धतीचा, पण त्याच्याबरोबर अ‍ॅन्सिबल-पुल येतं: ते गिटचा रेपो ओढतं आणि प्लेबुक (करायच्या कामांची यादी) त्याच मशीनवर चालवतं. आधी मशीनच्या नावाची वायएमएल फाइल शोधतं, ती नसेल तर 'लोकल' नावाची.

अ‍ॅन्सिबल-पुलमध्ये 'ओन्ली-इफ-चेंज्ड' असा मोह पाडणारा पर्याय आहे. रेपोत नवं काही नसेल तर प्लेबुक चालवायचंच नाही. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण पहिला रन रेपो ओढून झाल्यावर मध्येच पडला, तर पुढच्या वेळी रेपो बदललेला नसतो, म्हणून प्लेबुक चालत नाही, आणि मशीन अर्धवट अवस्थेत राहतं, कुणी नवा कमिट (बदलाची नोंद) करेपर्यंत. शिवाय कुणी हाताने काही बदललं असेल तर तेही दुरुस्त होत नाही. मी हा पर्याय वापरत नाही.

इमेजमध्ये मग काय राहिलं? गिट, अ‍ॅन्सिबल, लोडर नावाची शंभरेक ओळींची बॅश स्क्रिप्ट, तिचं युनिट आणि टायमर, रेपोचा पत्ता, आणि कमिटवरची सही तपासायची पब्लिक की. दहावीस मशीनं असतील तर अ‍ॅन्सिबलही नको, रेपोतल्या बॅश स्क्रिप्टनी भागतं.

## पायरी ४: लोडरच्या पोटात

सगळा कस इथे लागतो, म्हणून क्रमाने सांगतो.

पहिल्या ओळी नेहमीच्या: एरर आली की थांब, न ठरवलेलं व्हेरिएबल वापरलं की थांब, पाइपमधली कुठलीही कमांड पडली की थांब. बॅशमध्ये हे एका 'सेट' ओळीत होतं. पण त्यावर फार विसंबू नका. एखादं फंक्शन 'इफ'च्या अटीत किंवा 'किंवा'च्या दोन उभ्या रेघांच्या डावीकडे बोलावलं, की त्या फंक्शनच्या आत 'एरर आली की थांब' लागूच होत नाही. महत्त्वाच्या कमांडचा निकाल स्वतः तपासलेला बरा.

संपूर्ण स्क्रिप्ट एका 'मेन' फंक्शनमध्ये घाला आणि शेवटच्या ओळीत ते बोलवा. बॅश फाइल एकदम वाचत नाही, लागेल तशी वाचत जातो. लोडरने चालता चालता स्वतःचीच फाइल जागच्या जागी बदलली, तर बॅश जुन्या जागेवरून नवा मजकूर वाचू लागतो आणि अर्धी ओळ कमांड म्हणून चालवतो. मेन फंक्शन असलं की आधी सगळं वाचून होतं. लोडरची नवी आवृत्ती बसवताना ती वेगळ्या नावाने लिहून मग नाव बदला. चालू असलेला लोडर जुनीच फाइल धरून राहतो.

मग कुलूप. एकच युनिट सिस्टिमडी एकाच वेळी दोनदा चालवत नाही, पण कुणीतरी लॉगिन करून लोडर हाताने चालवणारच. म्हणून एफलॉक ही कमांड वापरा, कुलपाची फाइल रन फोल्डरमध्ये. 'फाइल आहे का, असेल तर थांब' असं घरगुती कुलूप करू नका: वीज गेली की फाइल मागे राहते आणि पुढचे सगळे रन 'आधीच चालू आहे' म्हणून परत जातात. एफलॉकचं कुलूप प्रोसेस मेली की आपोआप सुटतं.

मग घड्याळ. हे लोक हटकून विसरतात. वर्षभर कपाटात पडलेल्या मशीनची मदरबोर्डवरची बॅटरी मेलेली असते, घड्याळ काही वर्षं मागे असतं, आणि गिटने एचटीटीपीएसवर रेपो मागितला की 'सर्टिफिकेट अजून वैध नाही' असं उत्तर येतं. एरर बघून आपण सर्टिफिकेट तपासत बसतो. क्रोनी (घड्याळ जुळवणारा प्रोग्राम) वापरत असाल तर त्याला मोठा फरक एका उडीत भरून काढायची परवानगी द्या (मेकस्टेप १.० आणि ३, म्हणजे पहिल्या तीन वेळा फरक एका सेकंदापेक्षा जास्त असेल तर उडी) आणि लोडरमध्ये क्रोनीसीच्या 'वेटसिंक'ने वेळ जुळेपर्यंत थांबा.

मग नेटवर्क. सिस्टिमडीचं 'नेटवर्क-ऑनलाइन' टार्गेट गाठलं गेलं याचा अर्थ तुमचा रेपो दिसतो असा होत नाही. स्विचचं पोर्ट जागं व्हायलाही वेळ लागतो. रेपो मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा प्रयत्न करा, दर वेळी थांबा वाढवत न्या, आणि दहा मिनिटांनी नाद सोडून एरर देऊन बाहेर पडा. टायमर पुन्हा बोलावणारच आहे.

रेपो आला की शेवटच्या कमिटची सही गिटच्या 'व्हेरिफाय-कमिट'ने तपासा. हा सगळा कोड रूट म्हणून चालणार आहे. गिट सर्व्हरचा पासवर्ड फुटला म्हणजे सगळे सर्व्हर फुटले, असं व्हायला नको. सही जुळली नाही तर जुनं कॉन्फिगरेशन तसंच राहू द्या. गिटऐवजी कर्ल कमांडने फाइल आणत असाल तर त्याला 'फेल' पर्याय द्यायला विसरू नका. तो नसेल तर ४०४चं एचटीएमएल पान मुकाट्याने स्क्रिप्ट म्हणून सेव्ह होतं, आणि बॅश ते इमानेइतबारे चालवायला जातो.

शेवटी 'ट्रॅप', म्हणजे बाहेर पडताना चालणारी कमांड. स्क्रिप्ट कशीही संपो, जाता जाता एक छोटी स्थिती-फाइल लिहून जाऊ दे: कधी चाललो, कोणता कमिट, निकाल काय, शेवटचं यश कधी. तिचा उपयोग पुढे सांगतो.

## पायरी ५: शंभर वेळा चालवा, फरक शून्य

कर्नलची एक सेटिंग बदलायची म्हणून कुणी सिससीटीएलच्या फाइलीच्या शेवटी एक ओळ जोडली. पहिल्या बूटपुरतं ठीक. तीच कमांड दर अर्ध्या तासाने चालली तर दिवसाला ४८ आणि वर्षाला १७,५२० ओळी. म्हणून 'ओळ जोड' असं लिहूच नका. 'ही फाइल अशी असली पाहिजे' असं लिहा. बहुतेक प्रोग्रामांना आता नावापुढे 'डॉट डी' असलेला फोल्डर असतो. त्यात आपली स्वतंत्र फाइल ठेवा, पूर्णच्या पूर्ण. पॅकेजने दिलेल्या मूळ फाइलीला हात लावायची वेळ सहसा येत नाही.

फाइल बदलायची माझी पद्धत अशी. नवा मजकूर त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने लिहायचा. जुन्या फाइलीशी सीएमपी कमांडने ताडून बघायचा. तोच असेल तर तात्पुरती फाइल उडवायची आणि पुढे जायचं. वेगळा असेल तर त्या त्या प्रोग्रामच्या परीक्षकाकडून तपासायचा. सुडोसाठी व्हिसुडोला सी आणि एफ हे पर्याय देऊन, एसएसएचडी आणि एनजिनएक्ससाठी (वेब सर्व्हर) त्यांच्याच टी पर्यायाने. पास झाला तरच नाव बदलून जागेवर आणायचा, आणि तेव्हाच सेवा रीलोड करायची. एनजिनएक्सच्या मुख्य फाइलीतून आत घेतल्या जाणाऱ्या तुकड्यांना सुटं तपासता येत नाही. तिथे आधी बदला, मग तपासा, आणि नापास झालं तर जुनी प्रत परत ठेवा.

'त्याच फोल्डरमध्ये' यावर जोर आहे. नाव बदलणं एका फटक्यात होतं ते फाइल सिस्टिम एकच असताना. टेम्प फोल्डर वेगळ्या विभाजनावर असेल तर एमव्ही प्रत्यक्षात कॉपी करतो, आणि मध्येच वीज गेली तर अर्धी फाइल हातात येते. सुडोअर्सच्या फोल्डरमध्ये तात्पुरत्या फाइलीच्या नावात टिंब ठेवा. टिंब असलेल्या फाइली सुडो वाचतच नाही, त्यामुळे अर्धवट लिहिलेली फाइल त्रास देत नाही. उलट बाजूने हाच नियम फसवतो. खरी फाइल टिंब असलेल्या नावाने ठेवली, तर 'परवानगी का मिळत नाही' म्हणून तासभर डोकं खाजवत बसाल.

## पायरी ६: युनिट आणि टायमर

युनिटचा प्रकार 'वनशॉट', म्हणजे एकदा चालून संपणारं. इंटरनेटवरच्या बहुतेक उदाहरणांत त्याखाली 'रिमेन-आफ्टर-एक्झिट, येस' ही ओळ असते. टायमरबरोबर ती घालू नका. ती असली की काम संपल्यावरही युनिट 'चालू' मानलं जातं, आणि चालू असलेल्या युनिटला टायमर पुन्हा सुरू करत नाही. लोडर एकदाच चालतो आणि नंतर गप्प. सगळं हिरवं दिसतं, म्हणून ही चूक आठवडेच्या आठवडे लपून राहते.

वनशॉटची दुसरी खोड: त्याला सुरुवातीची कालमर्यादा मुळात नसते. एखादी कमांड उत्तराची वाट बघत अडकली, तर युनिट कायमचं अडकतं. 'टाइमआउट-स्टार्ट-सेक'मध्ये वीस मिनिटं लिहून टाका.

टायमरमध्ये तीन ओळी पुरतात: बूटनंतर एक मिनिटाने, मागचा रन संपल्यापासून तीस मिनिटांनी, आणि दहा मिनिटांपर्यंतचा यादृच्छिक उशीर. शेवटची ओळ शोभेची नाही. वीज जाऊन आली आणि सगळी मशीनं एकदम बूट झाली की सगळी एकाच सेकंदाला गिट सर्व्हरवर तुटून पडतात.

## पायरी ७: पॅकेजं

उबंटूवर नवं मशीन उठल्याउठल्या सुरक्षा अपडेटांचं काम पार्श्वभूमीला सुरू होतं आणि डीपीकेजीचं (पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रामचं) कुलूप धरून बसतं. तुमचा लोडर त्याच वेळी पॅकेज बसवायला जातो आणि आपटतो. कुलपाची फाइल उडवायचा सल्ला जागोजागी मिळेल. ऐकू नका, पॅकेजांचा डेटाबेस बिघडू शकतो. एपीटीला लॉक-टाइमआउटचा पर्याय आहे, त्यात ३०० सेकंद द्या.

प्रश्न विचारून थांबणं हा दुसरा त्रास. डेबियन-फ्रंटएंड नॉनइंटरॅक्टिव्ह केलं तरी 'तुमची कॉन्फिग फाइल ठेवू की नवी घेऊ' हा प्रश्न येतोच; त्यासाठी डीपीकेजीला फोर्स-कॉन्फडेफ आणि फोर्स-कॉन्फओल्ड हे पर्याय देतात. उबंटू २२.०४मध्ये नीडरीस्टार्टही (अपडेटनंतर सेवा रीस्टार्ट करणारा प्रोग्राम) मध्येच विचारतो. त्याचा मोड 'ए' ठेवा. रेड हॅटच्या बाजूला विचारणं नाही, पण आरपीएमन्यू शेपटीच्या फाइली साचतात, त्या अधूनमधून बघा.

## पायरी ८: नेटवर्कचे बदल, कमरेला दोरी बांधून

स्क्रिप्टने गेटवे चुकीचा लिहिला तर दुरुस्ती पोचवायचा रस्ताच बंद. नेटप्लॅनमध्ये 'ट्राय' आहे, पण तो १२० सेकंद माणसाच्या एंटरची वाट बघतो. स्क्रिप्टमागे माणूस नसतो.

म्हणून असं करा. बदल करण्याआधी जुन्या फाइलींची प्रत ठेवा. सिस्टिमडी-रनला 'ऑन-अ‍ॅक्टिव्ह' तीन मिनिटं देऊन एक तात्पुरता टायमर लावा. त्याचं काम एकच, जुनी प्रत परत ठेवून नेटवर्क पुन्हा लावणं. मग नवा बदल लावा. गेटवे आणि गिट सर्व्हर दोन्ही दिसतात का तपासा, तीनचार वेळा. दिसले तर तात्पुरता टायमर थांबवा. दिसले नाहीत तर काहीच करायचं नाही, तीन मिनिटांनी मशीन आपोआप पूर्वपदावर येतं. लोडर मध्येच मेला तरी टायमर सिस्टिमडीच्या हातात असतो, त्यामुळे सुटका ठरलेली. फायरवॉलच्या नियमांनाही मी हीच दोरी बांधतो.

## पायरी ९: गुपितं

इमेजमध्ये पासवर्ड ठेवायचा नाही, डेटाबेसचाही नाही आणि 'तात्पुरता' तर मुळीच नाही. ज्याच्या हाती इमेज लागली त्याच्या हाती ते सगळं लागलं. रेपो वाचायची की इमेजमध्ये ठेवावी का? मी ठेवतो, तडजोड म्हणून: ती फक्त वाचू शकते, आणि त्या रेपोत एकही गुपित नसतं.

खरी गुपितं मिळवण्यासाठी मशीनला इमेज मारतेवेळी एक टोकन द्या, जे एकदाच वापरता येईल आणि तासाभरात मरेल. क्लाउड-इनिटच्या नोक्लाउड पद्धतीत 'सीआयडेटा' लेबल असलेल्या छोट्या विभाजनातून किंवा आयएसओतून ते सहज देता येतं. पपेट वापरणाऱ्यांनी ऑटोसाइन सरसकट चालू करू नये. मागेल त्याला सर्टिफिकेट, असा त्याचा अर्थ होतो.

## पायरी १०: सगळ्यांवर एकदम नको

आपोआप अपडेट म्हणजे चूकही आपोआप पसरणार. दोन शाखा ठेवा, 'आधी' आणि 'नंतर'. कोणतं मशीन कुठल्या शाखेत, याची यादी सांभाळायची गरज नाही: सिरियल नंबरचा सीकेसम (मजकुरावरून निघणारा ठरावीक आकडा) काढा, दहाने भागा, बाकी शून्य आली तर 'आधी'. दहातलं साधारण एक मशीन नवा बदल आधी घेतं, तेही कायम तेच. एक दिवस शांततेत गेला की बदल दुसऱ्या शाखेत न्या. एका भूमिकेची दोनतीनच मशीनं असतील तर मात्र ती हाताने वाटा, नाहीतर शून्य बाकी एकालाही येणार नाही.

थांबवायची सोयही हवी. ईटीसीमध्ये 'थांब' नावाची फाइल दिसली तर लोडरने काही न करता परतायचं. त्या फाइलीत कारण आणि अंतिम तारीख लिहिणं मी सक्तीचं केलं आहे. तारीख उलटली की लोडर फाइलीकडे दुर्लक्ष करतो. आधी तसं नव्हतं, आणि एक मशीन आठ महिने 'जरा वेळ थांबवलेलं' सापडलं.

आता ती स्थिती-फाइल. प्रोमिथियस (मॉनिटरिंगचा प्रोग्राम) असेल तर नोड-एक्सपोर्टरच्या टेक्स्टफाइल फोल्डरमध्ये ती लिहा (इथेही आधी तात्पुरत्या नावाने, मग नाव बदलून). अलार्म एररवर लावू नका, शेवटच्या यशाच्या वयावर लावा. लोडरच सुरू झाला नाही तर एरर कुठून येणार? दोन तासांत यश नाही, तर घंटा.

## विंडोज सर्व्हर असेल तर

पुसण्याचं काम विंडोजच्या सिसप्रेप या प्रोग्रामचं, जनरलाइज पर्यायासह. सेटअपच्या प्रश्नांची उत्तरं अनअटेंड फाइलीत. सेटअप संपल्यावर विंडोजच्या सेटअप-स्क्रिप्ट्स फोल्डरमधली सेटअप-कंप्लीट नावाची सीएमडी फाइल सिस्टिम खात्याने, कुणी लॉगिन करण्याआधी चालते. तिच्यात सगळं कॉन्फिगरेशन घालण्याचा मोह टाळा. तिच्यातून मशीन रीबूट करायला मायक्रोसॉफ्टची स्पष्ट मनाई आहे, आणि खऱ्या कामात रीबूट लागतोच. तिने फक्त एक शेड्यूल्ड टास्क तयार करावा, जो बूटला आणि नंतर दर अर्ध्या तासाने पॉवरशेलचा लोडर चालवेल. म्हणजे वरचाच सगळा हिशोब. आणि त्या लोडरने पहिल्याच रनला पँथर फोल्डरमध्ये उरलेली अनअटेंड फाइल उडवावी. तिच्यात अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड राहिलेला असू शकतो, फार तर बेस-६४मध्ये, म्हणजे उघडाच.

## तपासायचं कसं

एक मशीन या कामासाठीच राखून ठेवा आणि दर आठवड्याला त्यावर इमेज मारा. मी हे टायमरवरच टाकलं आहे. सोमवारी सकाळी ते उभं राहिलेलं दिसलं नाही तर चहाआधी तेच काम.

आधी साधी चाचणी: लोडर लागोपाठ दोनदा चालवा. दुसऱ्या रनमध्ये अ‍ॅन्सिबलने 'चेंज्ड' समोर शून्य दाखवलं पाहिजे. एक जरी दिसला तरी तो बदल दर अर्ध्या तासाने होत राहणार, आणि कदाचित सेवाही दर वेळी रीस्टार्ट होणार. मग घड्याळ दोन वर्षं मागे नेऊन बूट करा. मग नेटवर्कची केबल काढून बूट करा आणि पंधरा मिनिटांनी लावा.

सर्वांत शेवटी वीज. पॅकेजं बसत असताना, पडद्यावर ओळी धावत असताना, पॉवर बटण दाबून धरा. पुन्हा चालू करा आणि हात मागे बांधून बसा. पहिल्यांदा केलं तेव्हा माझं मशीन 'डीपीकेजी मध्येच थांबलं होतं, कॉन्फिगर ए चालवा' असं सांगत प्रत्येक रनला तिथेच पडत राहिलं. लोडरमध्ये पॅकेजांच्या आधी ती एक कमांड घातली, पुन्हा इमेज मारली, पुन्हा वीज तोडली. पाच मिनिटांनी स्थिती-फाइलीत यशाची नोंद आली.